बिनतारेचा लाइनमन

नागनाथ वाव्हळे टेलिफोन खात्यात लाइनमन होता. जिंतूर तालुक्यातले निम्मे खांब त्यानं कमरेला पट्टा बांधून स्वतः चढलेले. कुठला खांब वाऱ्याला कुरकुरतो, कुठल्या खांबावर दरवर्षी कावळीण घरटं बांधते आणि तार हलवली की टाळक्यात चोच मारते, सगळं त्याला तोंडपाठ. अंगानं काडी, आवाजानं मात्र दांडगा. आणि हा गृहस्थ चहाच्या टपरीवर टेकला की म्हणायचा, "तार म्हंजे काय, एकच गळा. दाबला की खेळ खलास." ज्या खात्याचं मीठ खायचं त्याच खात्याच्या तारेला चारचौघांत नावं ठेवणारा लाइनमन सबंध परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल.

ऐकणारे हसायचे. "मग काय कबुतरं पाळताव का नागनाथराव?" असं एखादा विचारायचा. गंमत अशी की त्यानं कबुतरंसुद्धा पाळून पाहिली होती.

हे वेड उगीच लागलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. नाव बदलायचा ठराव झाला म्हणून बौद्ध वस्त्यांत आनंद झाला, आणि तो आनंद ज्यांच्या डोळ्यांत खुपला ते जमावानं वस्त्यांवर चालून जायला लागले. त्या दिवशी भर दुपारी नागनाथ रस्त्याकडेच्या एका खांबाशी होता. येणाऱ्या ट्रकवाल्यानं सांगितलं, की पांगरवाडीच्या वाटेला पन्नास-साठ माणसं लागलीत, हातात रॉकेलचे डबे आहेत.

पांगरवाडीला त्याची थोरली बहीण लक्ष्मीबाई दिलेली. नागनाथ सरसर खांबावर चढला आणि तारेला लाइन तपासायचा हातफोन लावला. पांगरवाडीजवळच्या पोस्टात फोन होता, तिथून एखादा माणूस धावत सुटला असता तरी वस्तीला वेळेत कळलं असतं. पण फोन मुका. तार मधेच कुठंतरी कुणीतरी तोडलेली. मग सायकल. रस्त्यात बाभळी पाडून आडव्या टाकल्या होत्या. सायकल खांद्यावर घेऊन, चिखल तुडवत, पायवाटांनी तो पांगरवाडीला पोचला तेव्हा दिवस मावळतीला आला होता आणि बहिणीच्या घराचं आढं अजून धुमसत होतं.

लक्ष्मीबाई आणि पोरं जगली. तिची सासू पायानं अधू, तिला सगळ्यांत शेवटी बाहेर काढली. ती आठव्या दिवशी गेली. लक्ष्मीबाई रडली नाही, ओरडली नाही. भावाकडं बघून तिनं एवढंच विचारलं, "नागू, तुला कवा कळलं?"

"दुपारीच कळलं, आक्का."

"दुपारीच," ती म्हणाली आणि उठून राख उपसायला लागली.

तिनं शिवी दिली असती तर परवडली असती. खांबावर असो की जेवणाच्या ताटावर, तो शब्द त्याचा पिच्छा सोडेना. आपण लोकांचे फोन जोडून देतो, आणि सख्ख्या बहिणीला तीन-चार कोसांवर एक निरोप देता आला नाही, याची त्याला मनस्वी लाज वाटली. दुपारी कळलेलं दुपारीच पोचवायचं, तेही तार, रस्ता आणि कचेरी यांपैकी कशाच्याही उपकाराशिवाय. पुढची पंधरा-सोळा वर्षं त्यानं दुसरं गणित सोडवलं नाही.

कामाची माहिती असलेला माणूस, त्यामुळं तो कामाच्याच पद्धतीनं गेला. खात्यात तक्रारींची एक वही असते. तिच्यात चार रकाने: यंत्र, दोष, कारण, दुरुस्ती. तसली एक अर्धी कोरी, रद्दीत निघालेली वही त्यानं घरी आणली. तिच्या पहिल्या ओळीवर यंत्र म्हणून लिहिलं, "आरसा."

दाढीचा आरसा घेऊन तो खडकदरीच्या, म्हणजे आपल्याच वस्तीमागच्या, टेकडावर बसायचा आणि कोसभर लांबच्या लिंबखेड्याच्या वस्तीवर उन्हाचा कवडसा पाडायचा. तिकडं पंडित बसलेला. पंडित म्हणजे लिंबखेड्यातला भोंगेवाला. लग्नाकार्यात आणि जयंतीला माइक लावणं हा त्याचा धंदा. संध्याकाळी पंडितानं सांगितलं, की तीनदा चमकलं. नागनाथानं तर दोनदाच चमकवलं होतं. तिसरी चमक नदीवर घासून पालथ्या घातलेल्या कुणाच्यातरी कोऱ्या स्टीलच्या हंड्याची निघाली. आणि मुख्य गोष्ट, घरं जळाली ती श्रावणात. श्रावणात सूर्य विचारतो कुणाला? दोष: ढग. दुरुस्तीचा रकाना तसाच राहिला.

मग कबुतरं. सेलूच्या जिनिंगमधल्या एका हमालाकडून त्यानं जोडी आणली, महिनाभर दाणे घातले, चिठ्ठी बांधून मोठ्या विश्वासानं पांगरवाडीच्या दिशेला सोडली. दोन्ही कबुतरं सरळ सेलूला गेली. हमाल भला, त्यानं चिठ्ठी वाचून उलट निरोप पाठवला की आम्ही सगळे खुशाल आहोत. कबुतराला एकच घर कळतं हे नागनाथानं वहीत लिहिलं, आणि बायकोनं खुराडं गोवऱ्या ठेवायला घेतलं.

बिनतारी यंत्राचा मोह त्याला सगळ्यांत जास्त होता. येलदरीच्या धरणावर पुराचे निरोप द्यायला वायरलेस सेट होता. लाइन दुरुस्तीला तिकडं गेला की काम अर्ध्या तासाचं, मुक्काम चार तासांचा. ऑपरेटरच्या मागं उभं राहून तो ऐकायचा. पाणी किती, दारं किती, मग पलीकडून "मिळाला" असा शब्द. हा "मिळाला" त्याला भारी आवडला. निरोप नुसता सोडून भागत नाही, पोचल्याचं उलट कळायला पाहिजे, हे त्याला तिथं उमगलं. पण असला सेट घरी ठेवायचा तर परवाना लागतो. आणि विनापरवाना सेट गावात आहे असा नुसता वास आला, तर पहिली जीप कुणाच्या दारात थांबेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. शेवटी त्यानं औरंगाबादहून खेळण्यातले दोन सेट आणले. दोन शेतांपर्यंत ते छान बोलायचे. तिसऱ्या शेताच्या बांधावर नुसती खरखर. त्यातून माणसाचा आवाज काढण्यापेक्षा जोरात हाक मारलेली बरी, असं पंडितचं मत पडलं.

एके वर्षी चारठाण्याच्या बाजूला तो खांब बघायला गेला असता कुठल्याशा गावात जत्रा चालू होती आणि हलगी वाजत होती. नागनाथ हलगीपासून उलटा चालत सुटला, पावलं मोजत. अर्धा कोस, कोस, दीड कोस. आवाज बारीक झाला पण ठोका हरवला नाही. ना बॅटरी, ना परवाना, ना ऊन. गडी खूश होऊन घरी आला आणि चुलतीपुढं बसला. चांगुणाबाई म्हणजे वस्तीतलं सगळ्यांत जुनं माणूस. तिनं ऐकून घेतलं. सुपारी कातरायची थांबली.

"तुझ्या चुलत्यानं छप्पन साली हलगी पूर्णेत सोडली," ती म्हणाली. "मढं गावाचं, लगीन गावाचं, वाजवायचं आमी अन् उष्टं खायचं आमी. त्या दिशी हात धुतले. अन् तू आज मला सांगायलास, तीच परत आणा?"

"काकी, ही गावासाठी न्हाई. आपल्यासाठी हाय."

"आपल्यासाठीच सोडली व्हती."

खरं म्हणजे नागनाथाला आत कुठंतरी बरंच वाटलं. त्यानं वहीत लिहिलं: यंत्र, हलगी. दोष, काही नाही. कारण, चांगुणाकाकी. दुरुस्ती, करायची नाही.

तो उठायला लागला तशी म्हातारी सुपारी तोंडात टाकत म्हणाली, "विहारात भोंगा पडलाय की. वरीसभर उंदरं ऱ्हात्यात त्याच्यात. तो वाजव."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. प्रत्येक वस्तीत जयंतीसाठी घेतलेला एक भोंगा होताच. ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालायचा, वीज असो नसो. वारं बरं असलं तर कोसभर ऐकू जायचा. एका वस्तीनं बोलायचं, पुढचीनं ऐकून पुन्हा बोलायचं, तिच्या पुढचीनं तेच. खडकदरी, टाकळवाडी, लिंबखेडा आणि शेवटी पांगरवाडी. एक वाट बंद पडली तर निरोप दुसऱ्या वस्तीवरून वळसा घालून जाणार. इथं गळा एक नव्हता, आणि तो सगळ्यात खूश झाला ते यावर.

आता बोलायचं काय? "जमाव आला, पळा" असं भोंग्यावर ओरडलं तर जमावही ऐकणार. एक ठरावीक गाणं लावू म्हणून ठरलं, तर दुसऱ्याच आठवड्यात टाकळवाडीच्या एका लग्नात नेमकं तेच लागलं आणि लिंबखेड्याचे लोक पोराबाळांसकट ज्वारीत जाऊन बसले. तासाभरानं वरातीचा आवाज ऐकून बाहेर आले ते फार चिडून. मग पंडितानंच तोड काढली.

"दादा, जगात एक गोष्ट आशी हाय की ती भोंग्यावर कितीबी वाजली तरी कुणीच ऐकत न्हाई," तो म्हणाला. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन."

नागनाथानं तिथंच वही उघडली. एक, दोन, तीन म्हणजे सगळं ठीक. तीन, दोन, एक म्हणजे पोरं आणि म्हाताऱ्या उचला आणि निघा. परक्याला वाटणार, भोंगेवाल्याचं डोकं फिरलंय, आणि भोंगेवाल्यांविषयी तसं वाटायला लोक तयारच असतात.

पहिली परीक्षा एका रविवारी सकाळी झाली. नागनाथानं खडकदरीतून सुलटी मोजणी सोडली. टाकळवाडीनं ती उचलली, लिंबखेड्यानं उचलली. नागनाथाचा ऊर भरून आला. तेवढ्यात लिंबखेड्याचा आवाज खडकदरीला आला, आणि विहारात माइकपाशी बसवलेल्या माणसाला वाटलं, हा नवा निरोप. त्यानं तो इमानानं पुढं सोडला. टाकळवाडीनं पुन्हा उचलला. नऊ वाजले, दहा वाजले, तिन्ही वस्त्या एकमेकींना एक-दोन-तीन सांगत सुटल्या. कुणी थांबायला तयार नाही, कारण आपण थांबलो तर साखळी तुटेल. शेवटी चांगुणाबाई काठी टेकत विहारात आली. "आरं किती बरं हाय तुमचं? किती येळा सांगायलाव?" अकराच्या सुमाराला बॅटऱ्या बसल्या तेव्हा हा कारभार आटोपला. त्या दिवशी वहीत नियम चढला: ज्यानं निरोप एकदा पुढं दिला त्यानं तो परत ऐकला तरी गप बसायचं. एकदाच बोलायचं.

एवढं करूनही पांगरवाडी लांबच राहिली. लिंबखेडा आणि पांगरवाडी यांच्यामधे दोन कोस नुसती शेतं. पावसाळी वारं पाठीशी असलं तर लिंबखेड्याचा भोंगा पुसटसा पोचायचा. हिवाळ्यात वारं समोरून, तेव्हा पांगरवाडी ठार बहिरी. ज्या वस्तीसाठी हा खटाटोप मांडला तिच्याच नावापुढं दुरुस्तीचा रकाना कोरा. लक्ष्मीबाईकडं तो दिवाळी-पंचमीला जायचा, ती भाकरी वाढायची, पोराबाळांचं विचारायची. त्या दुपारविषयी ती पुन्हा कधी बोलली नाही आणि त्याची विचारायची छाती झाली नाही.

त्या दोन कोसांच्या बरोबर मधोमध कडूबाईचं शेत होतं. कडूबाई मराठ्याची, विधवा, दोन एकराची धनीण. ज्वारी हुरड्यात आली की ती दिवसभर मचाणावर उभी राहून पाखरं राखायची. गोफण होतीच, पण तिचा भर डब्यावर. रॉकेलचा रिकामा पत्र्याचा डबा आणि बाभळीचं दांडकं. असा बडवायची की पाखरं काय, बांधावरचं कुत्रंही शेजारच्या शिवारात जायचं. नागनाथानं नेहमीप्रमाणं पावलं मोजली. डबा पांगरवाडीपर्यंत ऐकू येत होता, समोरच्या वाऱ्यातसुद्धा.

यंत्र सापडलं, पण आता त्याचे पाय जड झाले. बाई वस्तीतली नव्हे, गावातली, तिचे भाऊबंदही गावातले. अठ्ठ्याहत्तरला त्या वाटेनं गेलेल्यांत कोण होतं, कुणी सांगावं? आपल्या बहिणीचा जीव तिच्या दांडक्यावर ठेवायचा का? दोन हिवाळे तो तिच्या बांधावरून नुसता ये-जा करत राहिला. तिसऱ्या हिवाळ्यात एकदाचा मचाणाखाली जाऊन उभा राहिला आणि चक्क खोटं बोलला.

"माय, भोंग्यावर कवा उलटी मोजणी आयकू आली, तीन, दोन, एक, तर तुमी डब्यावर तशीच वाजवा. तीन ठोके, मग दोन, मग एक. खात्याचं काम हाय."

कडूबाईनं वरून त्याच्याकडं बघितलं. "खात्याचं," ती म्हणाली. "बरं. हुरडा खाऊन जा."

पांगरवाडीतही त्यानं या ठोक्यांचा अर्थ सांगून ठेवला. असे सहा-सात हिवाळे गेले. तो दर मार्गशीर्षात तिच्याकडं जाऊन आठवण द्यायचा, हुरडा खायचा, आणि जाताना मनाशी म्हणायचा की वेळ येऊ नये.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी रेडिओवर आली. वस्त्यांत पेढे वाटले, निळे झेंडे लागले. नागनाथ हसत होता पण त्याचं लक्ष वाऱ्याकडं होतं. दुसऱ्या दिवशी कर. करीला काही नवं करू नये म्हणतात, पण हा सायकल काढून लाइन बघायला निघाला. दुपारी फाट्यावर त्याला दोन ट्रॅक्टर दिसले, माणसांनी खच्चून भरलेले, काठ्या वर आलेल्या, आणि वळले ते पांगरवाडीच्या वाटेला. तो खांबावर चढला. हातफोन लावला. तार मुकी.

सोळा वर्षांपूर्वीचा तोच खांब असावा असं त्याला वाटलं. या वेळी मात्र तो पांगरवाडीकडं धावला नाही. सायकल उलटी फिरवून त्यानं दहा मिनिटांत खडकदरी गाठली, विहारात शिरला आणि माइक हातात घेतला. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. तीन. दोन. एक."

एकदाच बोलायचं, नियम त्याचाच. तो थांबला. टाकळवाडीचा आवाज आला, मग बारीक असा पंडितचा: तीन, दोन, एक. आणि मग काही नाही. वारं समोरून, बोचरं, पांगरवाडीकडून इकडं येत होतं. चांगुणाबाई दारात येऊन बसली होती. "जा तू," ती म्हणाली. "हितं आमी हाव."

तो पायडल मारत सुटला. लिंबखेड्याच्या पुढं, शेतवाटेला लागल्यावर त्याला ऐकू आलं. पत्रा. तीन, दोन, एक. तीन, दोन, एक. थांबतच नव्हता. कडूबाईला एकदाच वाजवायचा नियम कुणी सांगितलाच नव्हता.

मचाणावर ती उभी होती, पदर खोचून, घामानं डबडबलेली. डब्याचा तळ फाटला होता आणि दांडक्याच्या सालीनं तिचा तळहात सोलून निघाला होता.

"माय, बास करा, पोचलं असंल!"

"असंल?" तिनं वरूनच विचारलं. "पहिल्यांदा वाजवलं तवा तिकडं कुत्रंबी हाललं न्हाई. वाजवीत बसले तवा कुठं माणसं भायेर पडायलेली दिसली." ती दांडकं टेकून दम घ्यायला लागली. "खात्याचं काम म्हणलास मला. आठ्ठ्याहत्तरचा धूर ह्याच शेतातून बघितला मी. डबा हातातच व्हता रं. पर कुणी सांगितलंच न्हाई, वाजव म्हणून."

इतकी वर्षं नागनाथानं तिच्या बांधावर अंतर मोजलं, वारं मोजलं, आणि या बाईच्या मनाचा अंदाज मात्र सपशेल चुकवला. त्यानं खाली वाकून बांधाला हात लावला आणि सायकल पुढं ढकलली.

पांगरवाडीच्या वस्तीत कुणी नव्हतं. ट्रॅक्टरवाले येऊन गेले होते. दोन दारं मोडलेली, रांजण फुटलेले, कडब्याची एक गंजी जळत होती. सगळी वस्ती पलीकडं डांबरी रस्त्यावर होती. त्यांनी परभणीची एस. टी. अडवून ड्रायव्हरकरवी पोलिसांना कळवलं होतं, आणि जीप आल्याचं बघून ट्रॅक्टर पांगले होते. नागनाथानं डोकी मोजायला सुरुवात केली. म्हातारी माणसं लिंबाच्या सावलीला बसवली होती. त्यांच्यात पत्र्याची पेटी आणि एक शेळी घेऊन लक्ष्मीबाई बसली होती. केस पांढरे झालेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

तो तिच्यासमोर उभा राहिला. धाप लागलेली.

लक्ष्मीबाईनं वर बघितलं. त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"कळलं रं नागू," ती म्हणाली. "दुपारीच कळलं."

नागनाथ बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडला. रस्त्यावर अडलेल्या दुसऱ्या एस. टी.तली माणसं खिडक्यांतून बघत होती, आणि शेळी त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या वहीचा कोपरा खात होती.